तळ्याच्या भिंतीतलं खिंडार

दातांच्या डॉक्टरीणबाईंना निसर्गाची फार ओढ होती असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. त्यांना ओढ होती ती गप्प पडून राहणाऱ्या पेशंटची. दवाखाना पहिल्या मजल्यावर होता आणि उपचाराची खुर्ची अशी लावलेली होती की तिच्यात रेललेल्या माणसाने मान जराशी डावीकडे वळवली की त्याला मागचं तळं दिसावं. तळं तसं बेताचंच. काठाला लव्हाळं आणि पाणकणसं माजलेली, कडेकडेने शेवाळ, मधोमध एक वठलेलं झाड, आणि त्या झाडाच्या ठरलेल्या फांदीवर एक खंड्या. तो पाण्यात सूर मारायचा तेव्हा आ वासून पडलेल्या पेशंटचे डोळे तिकडे वळायचे आणि नेमक्या त्याच क्षणी बाई सुई टोचून मोकळ्या व्हायच्या. भुलीच्या औषधाचं निम्मं काम तो पक्षी करायचा. बरं, पगारवाढही मागत नव्हता.

त्यामुळे हे तळं बुजवून तिथे गाड्या लावायची सोय करायचं नगरपालिकेने ठरवलंय, ही बातमी आली तेव्हा बाईंना झालेलं दुःख अगदी अस्सल होतं. त्या तडक शेजारच्या इमारतीतल्या अध्यक्षांकडे गेल्या.

या गृहस्थांना सगळे अध्यक्षच म्हणायचे. कशाचे अध्यक्ष, ते गरजेप्रमाणे बदलायचं. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी एकही दिवस अध्यक्षपदाशिवाय काढला नव्हता. सोसायटी झाली, ज्येष्ठ नागरिक झाले, हास्यक्लब झाला. हास्यक्लब बंद पडल्यापासून ते जरा उदासच होते. बाईंचं बोलणं अर्धं ऐकूनच त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. संध्याकाळपर्यंत ‘तळं बचाव समिती’ स्थापन झालेली होती आणि अध्यक्ष कोण यावर चर्चा करण्यात कुणीही वेळ घालवला नव्हता.

समितीने काम मात्र झपाट्याने सुरू केलं. पहिल्या बैठकीत घोषणा ठरली. दुसऱ्या बैठकीत घोषणेचा रंग ठरला. तिसऱ्या बैठकीत टी-शर्ट आले. त्यांच्यावर डॉल्फिन होता, कारण छपाईवाल्याकडे पाण्यातला प्राणी म्हणून तेवढाच तयार होता. बाईंनी हळूच सुचवून पाहिलं की आपल्या तळ्यात डॉल्फिन नाही. त्यावर एक सभासद म्हणाले की तळं वाचलं तर पुढेमागे येईलही.

मग मानवी साखळी झाली. तळं छोटं असल्यामुळे साखळी दोन वेढे घालूनही उरली आणि उरलेली माणसं समोरच्या चहाच्या टपरीवर साखळीने उभी राहिली. प्लास्टिकविरोधी मजकुराचे प्लास्टिकचे फलक काठाच्या झाडांना खिळे ठोकून लावले गेले. त्या गडबडीत बरंच लव्हाळं तुडवलं गेलं, पण भावना शुद्ध होती. बाई प्रत्येक कार्यक्रमाला जात होत्या, दवाखान्याची वेळ बदलत होत्या, आणि घरी नवऱ्याला सांगत होत्या की माणसं जरा हौशी आहेत पण मनाने चांगली आहेत. नवरा वर्तमानपत्रातून डोकं न काढता ‘हं’ म्हणायचा. त्यांच्या संसारात या ‘हं’चे सात-आठ प्रकार होते. हा त्यातला शंकेचा होता.

शंका काही असो, समिती जिंकली. निवडणूक तोंडावर आली होती आणि मानवी साखळीत किती मतदार आहेत ते नगरसेवकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी समितीच्या व्यासपीठावर येऊन जाहीर केलं की तळं बुजवलं जाणार नाही. टाळ्या पडल्या. मग त्यांनी जाहीर केलं की नुसतं वाचवून भागणार नाही, तळ्याचं संवर्धन केलं जाईल. त्याहून जास्त टाळ्या पडल्या. बाईंनीही हात दुखेपर्यंत वाजवल्या. ‘संवर्धन’ म्हणजे काय हे विचारायचं त्या आनंदात कुणाला सुचलं नाही.

संवर्धनाची यंत्रं पुढच्या आठवड्यात आली. त्यांच्यावर बाईंच्या नणंदेचं नाव रंगवलेलं होतं.

नणंद, म्हणजे ताई, बांधकामाची यंत्रं भाड्याने द्यायच्या. मिक्सर, काँक्रीट फोडायचे ब्रेकर, पाणी उपसायचे पंप, सगळं. नवरा गेल्यावर त्यांनी हा धंदा एकटीने उभा केला होता आणि पहाटेपासून त्यांच्या शेडमध्ये त्यांचा आवाज यंत्रांपेक्षा वर असायचा. नणंद-भावजयीचं फारसं जमत नव्हतं. लग्न ठरताना ताईंनी ‘दातांची म्हणजे अर्धीच डॉक्टर ना’ असं विचारलं होतं. बाईंनी ते ऐकलं होतं. इतकी वर्षं झाली तरी दोघी एकमेकींशी फार नम्रपणे बोलायच्या, आणि घरातल्यांना त्या नम्रपणाची धास्ती वाटायची.

तळ्यातलं पाणी उपसलं गेलं. लव्हाळं आणि पाणकणसं ‘घाण’ या सदरात मोडली आणि ट्रकमध्ये भरली गेली. वठलेलं झाड धोकादायक ठरलं. ते बरोबरच होतं, त्याच्यावर खंड्या बसायचा. मग चारी बाजूंनी सिमेंटची गुळगुळीत भिंत उभी राहिली, भिंतीवर फरशी, फरशीवर स्टीलचे कठडे, मध्यभागी रंग बदलणारं कारंजं. नळाचं पाणी सोडलं गेलं. आणि कुणाला काही उणीव भासू नये म्हणून पाण्यात फायबरचे चार पांढरेशुभ्र राजहंस नांगरून ठेवण्यात आले.

बाईंनी बैठकीत विचारलं की पक्षी राहणार कुठे. अध्यक्षांनी समजुतीने सांगितलं की डॉक्टर, चार तर आत्ताच सोडलेत, बजेट मिळालं की आणखी सोडू. त्याच बैठकीत बाईंना ‘पर्यावरणमित्र’ हा सन्मान देण्याचं ठरलं. सन्मानचिन्ह ॲक्रिलिकचं होतं आणि त्याच्यावर डॉल्फिन होता.

पूर्वी पावसाचं पाणी चढाच्या बाजूने ओघळत तळ्यात उतरायचं. आता ते भिंतीला धडकून मुकाट्याने वळायचं आणि इमारतींच्या तळघरात गाड्या लावलेल्या असत तिथे जमायचं. तळ्यातलं पाणी मात्र जागच्या जागी उभं राहिलं, हिरवं झालं, मग काळपट झालं. कारंजं तेच पाणी रोज संध्याकाळी गुलाबी आणि जांभळ्या उजेडात हवेत उडवायचं, म्हणजे वास सगळ्यांना सारखा मिळे. बाईंना दवाखान्याची खिडकी बंद ठेवावी लागली. पेशंट आता छताकडे बघत पडायचे आणि सुई दिसली की खुर्चीचे हात पकडायचे.

बाईंनी नगरपालिकेत खेटे घातले. तिथे त्यांना प्रत्येक टेबलावर अभिनंदन मिळालं. तळं वाचवलंत तुम्ही, असं जो तो म्हणायचा. वाचवलेल्या तळ्याबद्दल तक्रार करणारी बाई पहिल्यांदाच बघतोय, असंही एकाने हसत सांगितलं. त्या घरी येऊन नवऱ्याशी भांडल्या. त्याने काही केलं नव्हतं, पण घरात तोच होता.

एके दिवशी दुपारी पेशंट आला नाही म्हणून बाई पांढऱ्या कोटातच खाली उतरल्या आणि कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. चढाच्या बाजूला पाण्याच्या कडेला काहीतरी खरखरत होतं. त्यांनी वाकून पाहिलं. थाळीएवढं एक कासव भिंतीवर चढू पाहत होतं. पुढचे दोन पाय वर टेकवायचं, नखं सिमेंटवर घासायचं, वीतभर वर यायचं आणि घसरून पाण्यात पडायचं. मग पुन्हा तिथेच यायचं. त्या ठिकाणी सिमेंटवर पांढरे ओरखडे उमटले होते, एकावर एक, इतके की त्याचा हा उद्योग आजचा नव्हता हे कळत होतं.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी कठड्यातून खाली ओणवं होऊन, कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत घाणीत बुडवून त्याला उचललं. कासव कवचात शिरून दगडासारखं झालं. रस्त्यावरून जाणाऱ्या एकाने कौतुकाने विचारलं की हे पण फायबरचंच का.

घरी त्यांनी कासव न्हाणीघरातल्या टबात ठेवलं. नवरा हात धुवायला गेला आणि तसाच परत आला. ‘हं’ म्हणाला. हा प्रकार नवीन होता.

त्याच संध्याकाळी ताई काही कामाने भावाकडे आल्या. बाईंनी त्यांना चहा विचारला नाही, बसा म्हटलं नाही, सरळ न्हाणीघरात नेलं. आयुष्यात पहिल्यांदाच भावजय आपल्याशी नम्रपणे वागत नाहीये हे बघून ताई निमूट मागे गेल्या. कासवाच्या पुढच्या पायांची नखं झिजून पार बोथट झाली होती. एका पायाला जखम होती आणि बाईंनी तिला हिरड्यांना लावायचं औषध लावलं होतं. भिंतीवरच्या ओरखड्यांचं त्यांनी सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज चढत नव्हता, म्हणूनच ऐकणं जड जात होतं.

ताई टबाच्या कडेवर बसल्या. मग म्हणाल्या, “भिंतीला मिक्सर माझाच होता.”

बाईंनी औषधाच्या बाटलीचं झाकण लावलं.

“शनिवारी ब्रेकर मोकळा आहे,” ताई म्हणाल्या. “पण ऐक, चोरासारखं अंधारात जायचं नाही. अंधारात भिंत फोडणाऱ्याला पोलीस धरतात. सकाळी दहाला फोडणाऱ्याला लोक वाट देतात.”

शनिवारी सकाळी ताईंची गाडी तळ्याशी उभी राहिली. त्यांनी आधी नारिंगी शंकू मांडले, मग दोरी बांधली, मग ‘काम चालू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व’ अशी पाटी टेकवली. दोघींनी पिवळी जाकिटं आणि हेल्मेटं घातली. बाईंनी आपला नेहमीचा मास्क आणि चष्माही लावला होता. धूळ उडणार होती, आणि मास्क-चष्म्याशिवाय हातात यंत्र धरायची त्यांना सवयच नव्हती.

ताईंनी चढाच्या बाजूची, पाण्याच्या वर येणारी भिंत दाखवली आणि ब्रेकर कसा धरायचा ते एकदाच सांगितलं. बाईंनी टोक टेकवलं. आयुष्यभर कणाकणाने पोखरण्याचं काम केलेल्या त्या हातांना एवढी मोकळीक कधी मिळाली नव्हती. पहिली खपली उडाली, मग वीटभर तुकडा, मग हातभर. आवाजाने आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या, पाटी पाहून बंद झाल्या. फिरायला आलेली माणसं कुरकुरत वळसा घालून गेली. एका बाईंनी कामाचा दर्जा नीट ठेवा म्हणून बजावलं. वाहतूक पोलीस आला तेव्हा बाईंनी ब्रेकर थांबवला, पण त्याने शिट्टी वाजवून बघ्यांना मागे हटवलं आणि काम किती वेळ चालेल एवढंच विचारलं. ताईंनी सांगितलं, दुपारपर्यंत. त्याने मान डोलावली आणि निघून गेला. तळ्याला भिंत घालताना कुणी कुणाला विचारलं नव्हतं, मग ती फोडताना तरी कुणी का विचारावं.

भिंतीला दोन दारांएवढं खिंडार पडलं होतं आणि ताई फावड्याने मागची माती आत ओढून उतार करत होत्या, तेवढ्यात अध्यक्ष आले. डॉल्फिनचा टी-शर्ट, पायात पांढरे बूट, सोबत समितीचे दोन सभासद. त्यांनी कमरेवर हात ठेवून खिंडाराकडे पाहिलं.

“कुणाच्या आदेशाने चाललंय हे?”

बाईंनी मान खाली घातली. ताई फावड्यावर रेलल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “वरून आलंय.”

अध्यक्षांनी एकदा ताईंकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. बाईंच्या हाताशी एक बादली होती. उतार तयार झालाय असं पाहून त्यांनी, आता जे व्हायचं ते होवो म्हणून, बादली आडवी केली. कासव बाहेर आलं. त्याने मान लांब काढली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि अध्यक्षांच्या पांढऱ्या बुटाला घासून, कुणाचीही पर्वा न करता, तळ्याकडे पाठ फिरवून चढाच्या झुडपांकडे चालायला लागलं. ते झुडपात दिसेनासं होईपर्यंत सगळे तसेच उभे होते.

मग अध्यक्षांनी घसा खाकरला.

“आलं का शेवटी वरून,” ते सभासदांकडे वळून म्हणाले. “मीच मागे लागलो होतो.”

सभासदांनी लगेच सांगितलं की त्यांना कल्पना होतीच. खिंडारासमोर अध्यक्षांचा एक फोटो काढण्यात आला. त्यात मागे पिवळ्या जाकिटातली दोन माणसं पाठमोरी दिसतात.

त्यानंतर जे झालं ते अगदी रीतसर झालं. फोटो सगळीकडे फिरला. नगरसेवकांनी तो पाहिला आणि हा संवर्धनाचा दुसरा टप्पा असल्याचं पत्रकारांना सांगितलं. अभियंत्यांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं, पण दुसरा टप्पा आपल्याला माहीत नाही असं म्हणणार कोण? खिंडाराला ‘जीवद्वार’ असं नाव मिळालं. पाऊस झाला, चढावरचं पाणी पूर्वीच्या वाटेने खळखळत आत आलं, येताना माती घेऊन आलं. तळघरं कोरडी राहिली, त्यामुळे गाडीवाल्यांमध्येही निसर्गप्रेम जागं झालं. गाळाने कारंज्याचा पंप बंद पडला. पाण्याचा वास हळूहळू कमी झाला. उतारावर, फरशीच्या सांध्यांतून, हिरवे कोंब दिसायला लागले. ते उपटून काढावेत असा ठराव समितीत आला तेव्हा अध्यक्षांनी तो दुसऱ्या टप्प्याच्या विरोधात जातो म्हणून फेटाळला. बाईंना या मुद्द्याचं नवल वाटलं, पण त्या गप्प राहिल्या. ताईंनी त्यांना तेवढं शिकवलं होतं.

जीवद्वाराचं उद्घाटन ठरलं. पडलेल्या भिंतीच्या दोन टोकांना लाल फीत बांधण्यात आली. उद्घाटनाच्या पाटीवर नावं होती नगरसेवकांची, अध्यक्षांची आणि कंत्राटदाराची. ताईंना बोलावणं नव्हतं, फक्त शामियान्यासाठी खड्डे खणायचं यंत्र त्यांच्याकडून मागवलं होतं. त्या यंत्राबरोबर स्वतः आल्या आणि मागच्या रांगेत बसल्या. बाईंकडे आभारप्रदर्शन दिलं होतं. आभारप्रदर्शन अशा माणसाला देतात ज्याला काहीतरी द्यायला हवं, पण बोलू द्यायचं नसतं. कारण तोवर लोक उठलेले असतात.

बाईंनी मात्र भाषणाची तयारी करून ठेवली होती. राजहंसांवर दोन वाक्यं होती, डॉल्फिनवर तीन, आणि अध्यक्षांवर एक इतकं टोकदार वाक्य की ते आरशासमोर म्हणताना त्या स्वतःच हसल्या होत्या.

व्यासपीठाच्या मागे बाई आपली पाळी यायची वाट बघत उभ्या असताना, अध्यक्ष त्यांच्या शेजारी येऊन थांबले. नगरसेवकांचं भाषण चालू होतं आणि संपायची काही चिन्हं नव्हती.

“वरून काही आलं नव्हतं,” अध्यक्ष समोर बघत म्हणाले. “मी त्याच दुपारी नगरपालिकेत फोन केला होता.”

बाईंनी विचारलं की मग तुम्ही तिथेच का नाही ओळखलंत.

“डॉक्टर, माझे तीन दात तुम्ही काढलेत. मास्क आणि चष्म्यातच तर मी तुम्हाला ओळखतो. रस्त्यात मास्कशिवाय दिसलात तर दोनदा बघावं लागतं.”

“मग थांबवलं का नाहीत?”

अध्यक्षांनी व्यासपीठाकडे कान दिला. नगरसेवक पहिल्या टप्प्याच्या आठवणींवर आले होते.

“थांबवायलाच आलो होतो,” ते म्हणाले. “मग ते कासव माझ्या बुटाला घासून गेलं. इथे राहायला आल्यापासून रोज सकाळी या तळ्याला फेऱ्या मारतोय मी. आत कोणी राहतं हे मला माहीत नव्हतं. समितीचा अध्यक्ष मी, आणि मला वाटायचं नुसतं पाणी आहे.” त्यांनी टी-शर्टवरच्या डॉल्फिनची सुरकुती हाताने सारखी केली. मग जरा सावरून म्हणाले, “आणि तोवर फोटोही काढून झाला होता. आभार थोडक्यात आटपा. लोक उठतात.”

बाई माइकसमोर गेल्या तेव्हा लोक उठतच होते. मागच्या रांगेत ताई तेवढ्या हाताची घडी घालून ठाम बसल्या होत्या. बाईंनी राजहंसांवरची वाक्यं म्हटली नाहीत, डॉल्फिनवरचीही नाहीत. नगरसेवकांचे आभार मानले, कंत्राटदारांचे मानले, शामियानेवाल्यांचे, खड्ड्यांच्या यंत्राचे आणि ते घेऊन आलेल्या आपल्या नणंदेचे, नाव घेऊन, मानले. ताईंनी तोंड वळवून दुसरीकडे पाहिलं. अध्यक्षांचे आभार बाईंनी दोनदा मानले. पहिल्यांदा, रीत म्हणून.